बरगडीखालचा खळगा

१

सकाळची पहिली बोट पुळिंकडवच्या धक्क्याला लागली की अलेयम्मा उतरायची, टपरीवर बिनदुधाचा चहा घ्यायची आणि चर्चच्या आवारात शिरताना चपला काढून पिशवीत टाकायची. चपला दाराशी ठेवल्या तर ऊसेपचा कुत्रा त्या पळवतो, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली होती. ऊसेप तिथला कप्यार. घंटा, दिवे, झाडू आणि गावभरच्या चौकशा, सगळं खातं त्याच्याकडे.

"चेडत्ती, आज कोणाचं तोंड धुणार?" तो रोज विचारायचा.

"राजाचं."

"धुवा, धुवा. राजाचं तोंड काळंच बरं होतं."

उत्तरेच्या भिंतीवर मार तोमाचं, प्रभूच्या बारा शिष्यांपैकी एकाचं, सगळं आयुष्य रंगवलेलं होतं. मेणबत्त्यांच्या काजळीखाली ते दोनतीनशे वर्षं पडून होतं आणि अलेयम्मा कापसाच्या बोळ्याने ते वितभर वितभर वर काढत होती. प्रभूने त्याला व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकला, ते पहिलं चित्र. मग राजाने त्याला महाल बांधायला पैसे दिले आणि या पठ्ठ्याने ते गोरगरिबांत वाटून टाकले. राजा विचारतोय महाल कुठाय, आणि हा वर आभाळाकडे बोट दाखवतोय. मग तो किनाऱ्यावर उतरला. चित्रकाराने बोट आपल्याकडचीच काढली होती, तोमाही आपल्याकडचाच, काळासावळा, मुंडू नेसलेला. मग डोंगरावर त्याचा जीव घेणारा भाला. भाला मारणाऱ्याचं तोंड भाविकांनी नखांनी खरवडून नाहीसं केलं होतं. रंगापेक्षा राग जास्त टिकतो, असं अलेयम्माचं तीस वर्षांच्या कामातलं मत होतं.

सगळ्यात शेवटचं चित्र मात्र आधीच्या काळातलं. बाकी शिष्यांना मेलेला प्रभू पुन्हा जिवंत दिसला तेव्हा तोमा तिथे नव्हता. आल्यावर म्हणाला, त्याच्या बरगडीच्या जखमेत बोट घालीन तेव्हा मानीन. आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला आणि म्हणाला, घाल. त्याने खरंच घातलं की नाही, हे शास्त्रात लिहिलेलं नाही. पुळिंकडवच्या चित्रकारानेही ते लिहिलं नव्हतं. तोमाचं बोट आणि प्रभूची बरगडी यांच्यामध्ये त्याने जागा मोकळी सोडली होती.

ती जागा गावाने भरून काढली. ज्यांचं माणूस दूरदेशी मेलं, ज्यांना त्याचा चेहरा पाहायला मिळाला नाही, ते पाश्चाच्या, म्हणजे प्रभू पुन्हा जिवंत झाल्याच्या, सणानंतरच्या नव्या रविवारी इथे येत आणि प्रभूच्या जखमेत स्वतःचं बोट ठेवून मुकाट घरी जात. कित्येक पिढ्यांच्या बोटांनी तिथला गिलावा झिजून बरगडीखाली एक खळगा पडला होता.

"तो खळगा बुजवून टाका, चेडत्ती," सकरिया अच्चन म्हणाले. चर्चचे हे पाद्री तिच्या मुलाच्या वयाचे होते आणि मोटरसायकलवरून यायचे. "नव्या रविवारी बिशप येतायत. प्रभूच्या अंगाला असलं भगदाड बघून काय म्हणतील?"

"अच्चो, ते लोकांच्या बोटांनी पडलंय."

"लोकांची बोटं मला नका सांगू. मागच्या वर्षी कोणीतरी त्यात च्युइंगम भरलं होतं."

अलेयम्मा हसली नाही. हसायला हवं होतं, हे तिच्या लक्षात आलं, पण तोवर अच्चन निघून गेले होते. हल्ली तिचं असंच व्हायचं. गोष्टी तिच्यापर्यंत पोचायच्या, पण उशिरा, आणि पोचल्या तरी आत काही हलायचं नाही.

उजव्या हाताची पहिली दोन बोटं तर पूर्ण बधिर होती. डॉक्टर म्हणाले साखर. साखर निघाली नाही. मग म्हणाले मानेतली नस. अलेयम्माने मान डोलावली. बोटं कधी बधिरली ते तिला ठाऊक होतं, पण ते डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं.

२

तिचा मुलगा टिजो आखातातल्या एका गोदामात कामाला होता. आधी कळलं की आग लागली. मग कळलं की आग नाही, छत कोसळलं. मग काहीच कळलं नाही आणि नाताळच्या आधी एक पेटी आली. आतून जस्ताचा पत्रा, चारी बाजूंनी डाग दिलेला. उघडू नये, असं बरोबर आलेल्या माणसाने बजावून सांगितलं. का, असं कोणी विचारलं नाही. विचारायचं ते अलेयम्माने, आणि ती गप्प होती.

माती देण्याआधी घरचे एकेक जण पुढे होतात, गेलेल्याच्या तोंडाचा मुका घेतात आणि मग तोंड कापडाने झाकतात. अलेयम्माने फळीचा मुका घेतला. ओठांना वॉर्निश लागलं. पेटीवर दोन बोटं टेकवून ती उभी राहिली, कोणीतरी तिला बाजूला केलं, आणि संपलं. ती रडली नाही. बायका म्हणाल्या, धीराची आहे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिने कधी चाचपून पाहिलं नाही. तिला रडू यावं असं फार वाटायचं. एकदा जरी आलं असतं तरी तिला कळलं असतं की पोरगा गेला.

तर खळगा. तिने चुना कालवला, त्यात चाळलेली वाळू, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. जुन्या चुन्याला नवा चुना धरायला हवा तर शेवटचा हात पत्र्याने फिरवायचा नाही, उघड्या बोटाने फिरवायचा. तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने हे तिच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. बोटाला काही कळत नव्हतं, म्हणून ती डोळ्यांनी बघत बघत बोट चालवत होती. खळगा भरला. बरगडी सपाट झाली. वर ओला फडका लावून ती संध्याकाळच्या बोटीने घरी गेली.

सकाळी फडका काढला तर बरगडीवर उंचवटा आलेला होता.

लहानसा. पोळी तव्यावर एके ठिकाणी फुगते, तेवढा. चुना आकसतो, त्याला चिरा जातात, तो गळून पडतो. चुना फुगत नाही. अलेयम्मा परांचीवर गुडघे टेकून त्याच्याकडे बघत राहिली. आत हवा राहिली असेल. किंवा जांभ्यातला खार पाण्याबरोबर वर आला असेल, भिंत दोन हात जाडीची आहे आणि पलीकडे स्मशानभूमीची ओली जमीन. कारणं दोन मिळाली, दोन्ही पटण्यासारखी होती. तिने सुरीने उंचवटा अलगद कापून तळहातावर घेतला.

तो आतून पोकळ होता. पोकळीच्या आतल्या बाजूला बारीक वळणावळणाच्या रेघा होत्या, अंगठ्याचा ठसा घेतल्यावर उमटतात तशा.

अर्थात, तिचाच ठसा. काल बोट तिनेच फिरवलं होतं. पण तिचं बोट बाहेरून फिरलं होतं आणि या रेघा आतल्या बाजूने उमटलेल्या होत्या. हे तिला कळलं, आणि कळूनही छातीत काही धडधडलं नाही. तिने तुकडा पिशवीत टाकला आणि मोकळ्या झालेल्या खळग्यात आपलं बधिर बोट घातलं, किती खोल गेलंय ते बघायला.

गरम होतं.

नाताळापासून त्या बोटाला गार, गरम, टोचणं, भाजणं काही कळलेलं नव्हतं. चुलीवरच्या पातेल्याने एकदा कातडी जळली ती वासावरून समजली होती. आणि आता बोट गरम होतं, पेराच्या रेषेपर्यंत, दुपारच्या झोपेतल्या पोराच्या मानेखाली हात घातल्यावर लागतं तेवढं गरम. तिने बोट बाहेर काढलं. पुन्हा बधिर. पुन्हा घातलं.

३

"किती राहिलं?" अच्चनांनी विचारलं.

"खार येतोय भिंतीतून. भरलेलं धरत नाही."

"सिमेंट मारा ना थोडं."

"सिमेंट मारलं तर पुढच्या पावसाळ्यात सगळा प्रभू खाली येईल, अच्चो."

अच्चन वरमले. तिने खोटं सांगितलं होतं, कारण खार असता तर पांढरी भुकटी दिसली असती आणि तशी कुठेच नव्हती. खरं म्हणजे ती रोज संध्याकाळी खळगा भरत होती आणि रोज सकाळी तो बाहेर ढकललेला मिळत होता. कापायचा, बोट घालायचं, बसून राहायचं. बोटीवरून उतरताना हल्ली ती चहाला थांबत नसे.

"ऊसेप, या भिंतीच्या आत काही आहे का?"

"आत?" ऊसेपने झाडू थांबवला. "भिंतीत भिंतच असते. तीस वर्षं झाडतोय, हिने कधी जांभई दिली नाही. का, काय बोलली का तुमच्याशी?"

"नाही."

"मग बरंय. माझी बायको बोलायची थांबली तर मी नवस फेडीन, आणि तुम्ही भिंतीला बोलतं करताय."

त्याचं हसणं रिकाम्या चर्चमध्ये घुमलं. अलेयम्मा परांचीवर होती, तोंड भिंतीकडे. घुमलेलं हसणं विरल्यावर तिला वाटलं की भिंतीतही काहीतरी थांबलं. आवाज नव्हे, ऐकणाऱ्याने श्वास धरावा आणि मग सोडावा, तेवढंच. तिने कान लावला. गार दगड, चुन्याचा वास, आणि तिच्याच कानातलं रक्त. शहाण्या माणसाने कान काढून घेतला असता. तिने दुसरा कान लावला.

त्या आठवड्यात बधिरपणा मनगटापर्यंत आला, मग कोपरापर्यंत. खळग्यात असेल तेवढा वेळ बोट जागं आणि बाहेर आलं की आधीपेक्षा जास्त हात मेलेला. हिशोब सरळ होता, पण अलेयम्माने तो मांडला नाही. घरी पैलीने तिच्या हातातून पडलेली बशी उचलली. पैली तिचा नवरा. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केल्यामुळे घरातही त्याचा आवाज मागच्या सीटपर्यंत जायचा.

"सोड ते काम," तो म्हणाला. "हात गेला तर खाशील कशाने?"

"डाव्याने."

"डाव्याने खाणारी बायको मला परवडायची नाही. चारचौघांत मान खाली जाईल."

तो थट्टा करत होता आणि तिच्याकडे बघत होता, हसते का म्हणून. तिला त्याची दया आली. म्हणजे, इथे दया यायला हवी, एवढं तिला कळलं.

४

गुरुवारी पेसहा, प्रभूच्या शेवटच्या जेवणाचा दिवस. घरोघर तांदूळ आणि उडदाचं पीठ वाटून बिनआंबवलेला अप्पम उकडतात, त्यावर झावळीच्या पातीचा क्रूस ठेवतात, आणि संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर घरचा कर्ता तो कापून वाटतो. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथे अप्पम करत नाहीत. शेजारपाजारचे आणून देतात.

पैली बाजारातून आला तेव्हा पीठ वाटून झालेलं होतं आणि मोदकपात्रासारखं भांडं चुलीवर वाफ सोडत होतं.

"अलेयम्मे, हे काय?"

"अप्पम. आज पेसहा ना."

पैलीने पिशवी खाली ठेवली. "अगं, यंदा आपल्याकडे नसतो करायचा."

"का?"

त्या मोठ्या आवाजाच्या माणसाने अगदी हळू सांगितलं, "टिजो गेला, म्हणून."

"कोणी पाहिलं?"

पाच महिन्यांत ती हे पहिल्यांदा बोलली होती. आपल्या तोंडून निघालेलं वाक्य तिने परक्याचं ऐकावं तसं ऐकलं.

"मी खांदा दिलाय त्याला," पैली म्हणाला.

"पेटीला दिलात, इच्चाया."

"मग काय पेटी रिकामी होती? वजन होतं तिला! माझ्या खांद्याला माहीत आहे." त्याने त्या खांद्यावर थाप मारली. "तुला वाटतं मला बघायचं नव्हतं? मला काय पोरगा जड झाला होता?"

तेवढ्यात शेजारची कोच्चुराणी मागच्या दाराने आली, केळीच्या पानाने झाकलेलं ताट घेऊन. वाफेचं भांडं तिला दिसलं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

"चेच्ची... तुम्ही केलात?"

"सवयीने झालं," पैली घाईघाईने म्हणाला. "टाकून देऊ. तुझं ठेव इथे, पोरी. चांगलं केलंस."

कोच्चुराणीने ताट ठेवलं आणि गेली. बाहेर जाताना तिने क्रूस केला, तो घरासाठी की स्वतःसाठी, देव जाणे.

पैलीने भांड्याचं झाकण काढलं. अप्पम पांढराशुभ्र फुलला होता आणि त्याच्या मधोमध, पातीच्या क्रुसाच्या जरा खाली, एक भोक होतं. गोल, बोटाएवढं, थेट तळापर्यंत गेलेलं. पेसहाचा अप्पम तडकणंसुद्धा वाईट, घरातलं आणखी माणूस जातं म्हणतात. भोकाबद्दल काही म्हणणं कोणी करून ठेवलेलं नव्हतं.

"यात बोट कोणी घातलं?"

"मी घातलं असेल."

"असेल म्हणजे?"

"मला कळत नाही ना, इच्चाया. बोटाला कळत नाही."

आणि हे बोलताना तिला वाटलं की सगळ्याचं उत्तर हेच आहे. कोपरापर्यंत मेलेला हात काय करतो ते त्याचं त्याला ठाऊक. भिंतीतला चुनाही तोच उकरत असेल, घरी निघण्याआधी, तिची नजर दुसरीकडे असताना. आतल्या बाजूचा ठसाही त्यानेच कसातरी उमटवला असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण मग खळग्यातली ऊब कोणाची, हा प्रश्न उरला, आणि ती ऊब तिला कोणालाही देऊन टाकायची नव्हती.

पैलीने अप्पम परड्यात नेऊन पुरला. तो कितीतरी वेळ खड्ड्यापाशी वाकून उभा होता.

५

शुक्रवारी त्यांच्या गावच्या चर्चमध्ये लाकडी फळ्या वाजत होत्या. प्रभू मेलेला असतो तोवर घंटा वाजवत नाहीत. क्रूसवाट संपल्यावर सगळे कडू पाण्यासाठी रांगेत उभे राहिले. कारल्याचा रस आणि शिरका. प्रभूला क्रुसावर आंब पाजली त्याची आठवण म्हणून प्रत्येकाने घोटभर घ्यायची. म्हातारे डोळे मिटून घेत होते. पोरं थुंकायला पळत होती आणि आयांच्या चापट्या खात होती. पैलीचं तोंड इतकं वाकडं झालं की मागच्या बाईला हसू फुटलं.

अलेयम्माने पेला घेतला आणि पाणी प्यावं तसा रिकामा केला.

"आणखी देऊ?" वाढणाऱ्याने गमतीत विचारलं.

तिने पेला पुढे केला. तोही प्याली. पैलीने तिच्या हातातून पेला काढून घेतला, त्याच्या तळाशी राहिलेला थेंब जिभेला लावून पाहिला आणि रांगेतून तिला बाहेर ओढलं.

"तुला चव लागत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"सकाळी होती."

पैली चर्चच्या पायरीवर बसला. "उद्या मोठ्या इस्पितळात जाऊ," तो म्हणाला. "सकाळी सकाळी. काही बोलू नकोस."

"उद्या नको. बिशप येण्याआधी बरगडी रंगवायची राहिलीय. सोमवारी जाऊ."

"अलेयम्मे, तुला माझी शपथ आहे."

"सोमवारी," ती म्हणाली. पैलीच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच्या गालावरून ते ओघळताना तिने बघितलं आणि तिला त्याचा हेवा वाटला. तेवढं मात्र तिला नीट वाटलं.

६

शनिवारी दुपारी पुळिंकडवच्या चर्चमध्ये कोणी नव्हतं. वेदीवरची वस्त्रं उतरवून ठेवलेली, दिवे विझलेले. अच्चन गुरुवारपासून पाय दुखेपर्यंत उभे राहून आता झोपले होते, आणि ऊसेप उद्याच्या पाश्चाच्या जेवणासाठी खाटकाकडच्या रांगेत. दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन थेट भिंतीवर पडलं होतं. इतकं की तोमाच्या मुंडूची किनारसुद्धा दिसत होती.

अलेयम्मा परांचीवर चढली. पायऱ्या तिला डोळ्यांनी मोजून चढाव्या लागल्या, पावलं कळत नव्हती. बुधवारी भरलेला खळगा पुन्हा वर आलेला होता, या वेळी बोटभर. तिने सुरी काढलीच नाही. दोन्ही हातांनी परांचीचा बांबू धरला, हात डोळ्यांसमोर राहावेत म्हणून, आणि बघत राहिली. पाहू या, उकरणारा कोण आहे ते.

चुना हलला.

एकदम नाही. दूध वर येण्याआधी साय थरथरते, तेवढाच. मग उंचवट्याच्या टोकाला चीर गेली, दोन खपल्या तिच्या मांडीवर पडल्या आणि मागे काळं भोक राहिलं. तिचे हात बांबूवर होते. दहाही बोटं तिने नजरेने तपासली. ती सगळी तिथेच होती.

आता भीती वाटायला हवी, असं तिने स्वतःला सांगितलं. वाट पाहिली. मग भीती येत नाही असं बघून तिने उजवा हात सोडवला आणि बोट भोकात घातलं.

ऊब होती. आणि उबेच्या शेवटी दुसरं बोट होतं.

टोकाला टोक लागलं. खरबरीत कातडी, काठाला तुटलेलं नख. तिचं बोट ते सगळं वाचत होतं, इतकं स्वच्छ की तिला ओरडावंसं वाटलं. पलीकडचं बोट क्षणभर थांबलं. मग त्याने तिचं बोट बाजूला सारलं, उद्धटपणे नव्हे. अंधारात किल्ली शोधणारा माणूस हाताला लागलेली नको ती वस्तू सरकवतो, तसं. पुन्हा चाचपलं. पुन्हा सारलं. त्याला तिचं बोट नको होतं.

आणि मग अलेयम्माला कळलं. एवढे दिवस तिची समजूत होती की कोणीतरी तिला हात लावू देतंय. तसं नव्हतंच. रोज रात्री चुना ढकलून जो कोणी बाहेर येऊ पाहत होता, त्यालाच हात लावून पाहायचं होतं. जसं तिने त्याचं तोंड पाहिलं नाही, तसं त्यानेही तिचं पाहिलेलं नव्हतं. त्यालाही कोणीतरी काहीतरी सांगितलं असेल, आधी हे, मग ते, मग काहीच नाही. आई आहे, आई नाही. तो कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांतला नव्हता. तिच्याच पोटचा होता.

"टिजो," ती म्हणाली. "थांब हं, बाळा."

तिने पदर बाजूला केला, परांचीवर आडवी सरकली आणि डावी कूस भिंतीला लावली, बरगडीखालचा भाग भोकासमोर येईल अशी. मान वळवून खाली बघत राहिली.

पोलक्याच्या कापडाला खळी पडली.

बोटाच्या टोकाएवढी. मग पेराएवढी. कापड चारी बाजूंनी तिकडे ओढलं गेलं, त्याच्या चुण्या उन्हात स्पष्ट दिसत होत्या. खळी आणखी खोल गेली, पोटाच्या मऊ मांसात जाईल त्याहून खोल, आणि अलेयम्माला काहीही कळलं नाही. दुखलं नाही. गरम लागलं नाही. ती बघत होती म्हणून तिला ठाऊक होतं, एवढंच.

"मी आहे रे," ती म्हणाली. ओठ हलले की नाही, तेही कळेना. तिने पुन्हा म्हटलं. चर्चमध्ये कुठे काही घुमलं नाही. आपला श्वास तरी त्याच्या बोटाला लागावा म्हणून तिने छाती भरून श्वास घ्यायचा ठरवलं आणि पदराकडे नजर लावली. पदर हलत नव्हता. ती बघत राहिली. पदर हलत नव्हता.

बोट थोडा वेळ तसंच थांबलं. एकदा डावीकडे फिरलं, एकदा उजवीकडे, काही धडधडतंय का, काही ऊब लागतेय का, म्हणून. मग सावकाश मागे गेलं. पोलक्याची खळी मात्र तशीच राहिली.

आणि दोन हात जाड जांभ्याच्या आतून रडणं ऐकू आलं. मोठ्या बाप्याचं रडणं, आधी दाबलेलं, मग न दाबता आलेलं, आई गेल्यावर माणूस रडतो तसं. पाच महिने ती ज्या रडण्याची वाट बघत होती ते हेच होतं. फक्त ते पलीकडून येत होतं. तिला हाक मारायची होती. पण आता हाक मारून काही उपयोग नव्हता. त्याची खात्री पटली होती.